बंदूक परत घरी आली तर

फाईल बंद झाली की केस विसरायची सवय पोलिसाला लावून घ्यावी लागते, नाहीतर घरात दोन घास सुखाचे जात नाहीत. मला ती सवय बऱ्यापैकी लागली होती. खून विसरलो, दरोडे विसरलो. जिथं एक गोळीसुद्धा सुटली नाही ती घटना मात्र अजून आठवते, आणि आठवली की मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, झाल्या तुमच्या फेऱ्या सुरू.

जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा तेव्हा मी प्रभारी अधिकारी होतो. नावं कोणाचीच घेणार नाही. नवरा जो होता त्याला आपण दाजी म्हणू, कारण त्याचा मेव्हणा जबाब देताना सारखा ‘आमचे दाजी, आमचे दाजी’ करत होता आणि ठाण्यात तेच नाव पडलं. बायकोला ताई म्हणू.

सकाळची हजेरी घेऊन मी बीटच्या अंमलदारांना कामं वाटत होतो, तेवढ्यात फोन आला. राजुरीच्या बाजूच्या एका मळ्यातून. माणूस दबक्या आवाजात बोलत होता.

“साहेब, शेजारच्या घरात नवराबायकोचं लई भांडण झालंय, मारलंबी तिला. ‘कुठं ठिवलीस, सांग’ म्हणून आरडत व्हता नुसता. बाई निघून गेली माहेरी. आन त्याच्या घरात बंदूक हाय.”

“कधीपासून चाललंय हे?”

“लई दिसापासून. बंदूक खांद्याला लावून दाखवतो तिला. माझं नाव काढू नका राव, बांधाला बांध हाय आमचा.”

ओरडून तक्रार करणाऱ्याचं मी निम्मं धरतो. कुजबुजणाऱ्याचं मात्र पूर्ण धरतो. जीप काढायला सांगितली.

आमच्या भागात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका बऱ्याच घरांत आहेत, बहुतेक बापाकडून मुलाकडे आलेल्या. खरं सांगायचं तर त्यांचं शेतात काही काम उरलेलं नाही. उसात बिबट्या बसलेला असतो, पण त्याच्यावर गोळी झाडली तर वनखातं तुम्हालाच उचलून नेईल. मग दसऱ्याला बंदूक खाली काढतात, हळदकुंकू वाहतात आणि परत खुंटीला टांगतात. वर्षभर ती घरातल्या माणसांना दिसत राहते. त्यात कोणाला दिमाख वाटतो, कोणाला धाक वाटतो, ते घरातल्या माणसांना कोणी विचारत नाही.

दाजी ओट्यावर बसला होता. पन्नाशीकडे झुकलेला, धुतलेले कपडे, बोलणं अगदी अदबशीर. “या साहेब, बसा. चहा टाकायला सांगतो.” म्हातारी आई आत होती. मी बसलो नाही. घरात मारहाणीची, धमकीची खबर असली की पहिलं काम हत्यार ताब्यात घ्यायचं, बाकीचं नंतर. हवालदारानं खुंटीवरचं कातडी कव्हर काढून माझ्या हातात दिलं. वजन बरोबर वाटलं. उघडलं तर आत प्लास्टिकचा पाइप! दोन्ही तोंडांना चिंध्या कोंबलेल्या आणि आत वाळू भरलेली.

हवालदार फिस्सकन हसला. मला हसू आलं नाही. घरातून बायको गेलेली आणि बंदूकही गेलेली. ताईचं माहेर आंबेगाव तालुक्यात. तिच्या भावाचा नंबर मिळवला आणि ताईला फोनवर घ्यायला लावलं. “मी बरी हाय साहेब,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. बाई जिवंत होती. पण बंदूक कुठं होती? भरलेली होती का? रागावलेल्या माणसाच्या हाताशी होती का? बेपत्ता बंदूक म्हणजे तोंड उघडं राहिलेली विहीर, कोण कधी जाईल सांगता येत नाही.

दाजीला ठाण्यात आणलं. आधी म्हणाला, पुण्याला दुरुस्तीला दिलीय. दुकानाचं नाव? आठवत नाय. पावती? हरवली. मग म्हणाला, कालव्यात टाकली रागाच्या भरात. कुठल्या पुलावरून, असं विचारलं तर एकदा एक पूल सांगितला, एकदा दुसरा. ठाणे अंमलदार वैतागून म्हणाला, “साहेब, हा आपल्याला आख्खा कालवा उपसायला लावणार.” मी टेबलाभोवती चकरा मारत होतो. आमच्यातले काही म्हणाले, दोन लावून द्या, बोलेल. मला ते पटत नाही, आणि तिथं त्याचा उपयोगही नव्हता. तो घाबरलेला नव्हता. तो लाजलेला होता, आणि ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

लक्षात आलं ते त्या पाइपामुळं. ज्यानं बंदूक स्वतः लपवली किंवा फेकली, तो कव्हरही गायब करतो. हा माणूस वाळू चाळून, वजन जुळवून, कव्हर सगळ्यांना दिसेल असं टांगून ठेवतो. म्हणजे पोलिसांपासून नव्हे, आल्यागेल्यापासून, भाऊबंदांपासून त्याला काही लपवायचं होतं. आणि भांडणात तो काय ओरडत होता? ‘कुठं ठेवलीस, सांग.’ मी समजलो होतो की दागिन्यांवरून चाललंय. हात्तिच्या!

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली. “दाजी, बंदूक बायकोनं नेली ना?”

तो ताडकन उठला. “बायको? माझी बायको? साहेब, माझ्यापुढं आवाज काढायची गावात कुणाची टाप नाय!”

“मग चोरीला गेली म्हणून तक्रार का नाही दिलीत? परवान्याची बंदूक हरवली तर तडक कळवायचं असतं. ते न कळवणं हाच गुन्हा आहे.”

तो खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. “पंचमीला माहेरी गेली तवा नेली. काय लिवून देऊ तक्रारीत? बाईनं बाप्याची बंदूक पळवली? दसऱ्याला भावकी पूजेला येती आमच्याकडं. तोंड कसं दावू?”

बंदूक गेल्याचं दुःख नव्हतं हो त्याला. हसं होईल याचं होतं. त्या लाजेपायी त्यानं परवाना घालवला, आणि बायकोला मारमार मारून घराबाहेर काढलं.

दोन पंच आणि महिला अंमलदार घेऊन आम्ही ताईच्या माहेरी गेलो. शेतकरी घर, अंगणालगत कांदा साठवायची बराख. मी ताईला म्हणालो, दाजीनं सांगितलंय, आता लपवू नका. तिनं भावाकडं बघितलं. भाऊ मुकाट्यानं बराखीत गेला, कोपऱ्यातला कांदा बाजूला केला आणि गोधडीत गुंडाळलेली बंदूक बाहेर आणली. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा.

“सुटी कुणी केली?” मी विचारलं.

“मीच,” ताई म्हणाली. “सासरे साफ करायचे तवा बघितलं व्हतं. गोधडीत बांधली आन आळेफाट्यावरनं एष्टीत बसले. काडतुसं मळ्याच्या विहिरीत टाकली. साहेब, सारखं म्हणायचे, एक दिस तुला उडवीन. मी म्हणलं, नगं ती घरातच.”

भाऊ हात झटकत म्हणाला, “घ्या साहेब, सुटलो एकदाचा. बहिणीनं दिली, मी ठिवली. हात नाय लावला परत. आमच्या दाजींचा स्वभाव तुमाला म्हाईत न्हाई.”

पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या झाल्या, मुद्देमाल सील केला. आणि मग मला ते बोलावं लागलं. बंदूक भावाच्या बराखीत सापडली होती, त्याच्याकडं परवाना नव्हता. हत्यार कायद्याखाली गुन्हा दाजीवर होता तसा भावावरही होता, आणि ताईवरही.

ताईला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती माझ्यावर धावूनच आली. “मरू नये म्हणून नेली मी! जीव घ्यायला निघाला त्यो, आन बेड्या माझ्या भावाला? हा कुठला न्याय, साहेब?”

कायद्याला बंदूक कोणाच्या ताब्यात आहे ते दिसतं, का आहे ते नंतर दिसतं. तिनं तीच बंदूक आमच्या दारात आणून ठेवली असती तर गोष्ट वेगळी होती. नातलगाच्या घरी लपवली की नातलग आरोपी होतो. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि माहेर सोडून दुसरीकडं कुठं जायचं हेही कोणी सांगितलं नव्हतं. भावाला मी अटक केली. त्याची म्हातारी आई पदर तोंडात धरून रडत होती आणि मी जीपमध्ये बसून ड्रायव्हरवर उगाच खेकसलो.

कोर्टानं सगळ्यांनाच जामीन दिला. मला वाटलं, पुढचं आता कागदोपत्री होईल. पण दाजी गप्प बसणारा नव्हता. काही आठवड्यांनी जिल्ह्याहून माझ्याकडे अर्ज चौकशीला आला. परवाना कायम ठेवून बंदूक परत मिळावी. सोबत दाजीचं प्रतिज्ञापत्र, की बंदूक दुरुस्तीला न्यायला मीच बायकोकडं दिली होती, मेव्हण्याचा दोष नाही. आणि ताईचंही, की आमचा वाद मिटला आहे, मी नांदायला आले आहे, बंदूक घरी ठेवण्यास माझी हरकत नाही.

वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. भावाला सोडवायच्या बदल्यात बंदूक! सौदा स्वच्छ दिसत होता.

चौकशीचा जबाब मी दुसऱ्या कोणाला घेऊ दिला नाही. महिला अंमलदाराला घेऊन मळ्यात गेलो. दाजी हसतमुखानं म्हणाला, “मिटलंय साहेब सगळं. विचारा तिलाच.” ताई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. सासू पुढं होऊन म्हणाली, “सही दिलीया तिनं. आता काय राहिलं?” नवऱ्यासमोर, सासूसमोर बाईचा जबाब घेणं म्हणजे त्या दोघांचाच जबाब घेणं. मी सरळ सांगितलं, जबाब एकटीचा होईल, घराबाहेर. दाजीचं हसू गेलं. पण नाही म्हणता येईना.

बांधावरच्या चिंचेखाली आम्ही बसलो. मी विचारलं, “ताई, हरकत नाही असं लिहू?”

“लिवा. भाऊ सुटंल ना मग?”

मी काही बोलायच्या आत तिनं खालच्या आवाजात दुसरा प्रश्न विचारला. “साहेब, तुमाला कायदा म्हाईत हाय. ती परत घरी आली, तर आता लपवू कुठं? तेवढं सांगा.”

नोकरीत मला मंत्र्यांनी प्रश्न विचारले, न्यायाधीशांनी उलटसुलट विचारले. इतका कधी चरकलो नाही. ही बाई मरायची तयारी करून सही देऊन बसली होती आणि वर लपवायची जागा विचारत होती.

“लपवायची नाही,” मी म्हणालो. “येऊ द्यायची नाही. आणि एक ऐका. तुमच्या भावाचं दाजींच्या हातात काही नाही. त्याच्यावर कोर्टात खटला चालवायचा तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ते काय ठरवतील ते मी सांगू शकत नाही, पण तुम्ही जीव वाचवायला बंदूक नेलीत हे मी आधीच लिहिलंय आणि परत लिहीन. दाजींनी आत्ता दिलेला कागद खोटा आहे. तुम्ही त्याला हो म्हणालात तर तुमचं खरंही खोटं ठरेल, आणि त्यात भाऊ उलट जास्त अडकेल.”

“ते म्हणले, माझ्या एका सहीनं त्यो सुटतोय.”

“नाही सुटत.”

तिनं मळ्याकडं बघितलं. दाजी लांबून आमच्याकडंच बघत होता. महिला अंमलदारानं तिच्या हातावर हात ठेवला, एवढंच. मग ताई बोलायला लागली ती थांबेचना. कोणत्या सणाला खांद्याला लावली, कधी भरून दाखवली, कधी रिकामीच चाप ओढून हसला. अंमलदार लिहीत गेली. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. ताई म्हणाली, “समदं लिवलं. पण मला भ्या वाटतं, हे कुठं लिवलं?”

खरंच नव्हतं लिहिलं. परवान्यात बंदुकीचा नंबर होता, पंचनाम्यात नळीची लांबी होती, अर्जात पिकाचं क्षेत्र होतं. भीती कुठल्याच कागदात नव्हती, कारण ती कोणी विचारलीच नव्हती. मी पेन मागून घेतलं आणि तिच्याच शब्दांत ते वाक्य शेवटी घातलं.

मंजुरी मिळाली नाही. भाऊ आणि ताई सुटले. दाजीचा परवाना रद्द झाला. धमकीचा आणि परवान्याच्या अटी मोडल्याचा खटला त्याच्यावर चालला. रद्दच्या आदेशात कारण म्हणून ताईचं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं. सरकारी मराठीच्या मधोमध ‘भ्या’ वाचताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर परवान्याची कुठलीही चौकशी आली की मी आधी घरातल्या बाईला भेटायचो, एकटीला. गावच्या बैठकांत सांगायचो, बंदुकीची भीती वाटली तर ती उचलू नका, हलवू नका, आम्हाला बोलवा. या केसनं मला शिकवलं ते एवढंच, आणि ते मी अजून भेटेल त्याला सांगतो.

पण ताई माहेरी परतली नाही. पदरी पोरं होती, त्यांच्यासाठी दाजीच्याच घरी राहिली. राजुरीकडचं कोणी भेटलं की मी कांद्याचं विचारतो, पावसाचं विचारतो आणि मग न राहवून त्या घराचं विचारतो. समोरचा म्हणतो, “बरं हाय की साहेब, आता तर बंदूकबी नाय.”

बंदूक नाही, हे मला माहीत आहे. ती मीच काढून घेतली होती. माणूस मात्र त्याच घरात आहे.