नवव्या दिवशीची अदलाबदल

माझ्या मामाला हँगरमध्ये सगळे पानेमामा म्हणत, कारण खिशात पाना नसला की त्याला चुकल्यासारखं व्हायचं. तीस वर्षं त्याने विमानं दुरुस्त केली. मी त्याच कंपनीत विमानाचे हिस्से विकायचे. मला तिथे चिकटवलं त्यानेच, आणि वर टोमणेही मारायचा: "भाचीबाई, तुम्ही जिभेने उडवता, आम्ही हाताने."

धंदा असा. एका खासगी जेटचे सोळा हिस्से करायचे. एक हिस्सा घेणाऱ्याला वर्षाला पन्नास तास उड्डाण, आणि सहा तास आधी फोन केला की विमान हजर. हिश्शाची किंमत एका मोठ्या घराएवढी. शिवाय वैमानिक, हँगर, दुरुस्ती यांचे दरमहा पैसे, आणि उडाल त्या तासांचे वेगळे. पाच वर्षांनी कंपनी हिस्सा परत घेणार, तेव्हाच्या भावाने. हे वाक्य मी भराभर म्हणायचे. समोरच्या कंपनीने महिन्याचा दर उतरवला, तसा आमच्या साहेबांनी त्याहून खाली आणला. तीन वर्षांत चार विमानांचे चौसष्ट हिस्से खपले आणि मला बढती मिळाली. दर कमी केला ते पैसे भरून कुठून काढले, हे मी विचारलं नाही. ते मामाच्या सुट्या भागांच्या कपाटातून काढले होते.

केबिनमधला हवेचा दाब सांभाळायला प्रत्येक विमानात दोन झडपा असतात. एक बिघडली तर दुसरीच्या जिवावर दहा दिवस उडायची परवानगी असते. तेवढ्यात नवी बसवायची. एका विमानाची झडप गेली तेव्हा कपाट रिकामं होतं, आणि नवी यायला दोन महिने. मामाने डोकं लढवलं. नवव्या दिवशी ती वाईट झडप दुसऱ्या विमानात बसवली आणि त्याची चांगली इकडे आणली. दुसऱ्या विमानाचे दहा दिवस नव्याने सुरू! कागदावर सगळं चोख. साहेब इतके खूश झाले की त्यांनी नव्या झडपेची मागणीच रद्द केली.

मग आणखी एक झडप गेली. आता दोन वाईट झडपा चार विमानांतून फिरू लागल्या. जमिनीवर त्या नीट चालायच्या, वर गेल्यावर अडकायच्या. दोन्ही एकाच विमानात आल्या तर संपलंच. मामाने दोन्हींवर लाल ठिपके दिले. तो जेवताना बोलेनासा झाला. मामी म्हणाली, "अगं, झोपेत नंबर बडबडतात हल्ली." मी हसले. त्या हसण्याची आता लाज वाटते.

तपासनीस येणार म्हणून मामाने स्वतःच्या हाताने ते ठिपके पुसले. नंबर वहीत आहेत, पाठही आहेत, असा त्याचा भरवसा. तपासनीस गेला आणि त्याच दुपारी दोन विमानांचा नववा दिवस एकदम आला. दुसरं विमान बाहेरगावी होतं, म्हणून तिसऱ्यातली वाईट झडप चौथ्यात, पहिल्यातली तिसऱ्यात, असा फेरा ठरला होता. तिकडे विमान हवं म्हणून हिस्सेदारांचे फोनवर फोन. त्या घाईत तिसऱ्यातून मामाने काढली ती चांगली झडप होती.

दुसऱ्या दिवशी मी एका गिरणीमालकाला हँगर दाखवत होते. पाचवं विमान घ्यायचं घाटत होतं, त्याचा हा पहिला हिस्सेदार. मामा वही घेऊन आला. चेहरा पांढराफटक.

"अगं, जरा इकडे ये."

"मामा, थांब ना, गिऱ्हाईक आहे," मी हसरा चेहरा ठेवून म्हणाले.

तो थांबला. साहेबलोकांपुढे थांबायची त्याला सवयच होती. मी माझं भराभर म्हणायचं वाक्य संपवून वळले.

"चौथ्यातल्या झडपेचा नंबर वहीशी जुळत नाही. तिसऱ्यात दोन्ही वाईट आहेत."

"तिसरं कुठाय?"

त्याने वर बोट दाखवलं. चाळीस मिनिटांपूर्वी दातांची एक डॉक्टर आपल्या दोन मुलांना घेऊन निघाली होती. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "साहेबांना विचारू या?"

"ते विचार करत बसतील," मामा म्हणाला आणि त्याने कंट्रोल टॉवरला फोन लावला. आपलं नाव सांगितलं, परवान्याचा नंबर सांगितला, काय केलं ते सांगितलं. आवाज जराही हलला नाही. फोन ठेवून तो धावपट्टीकडे निघाला.

विमान परत आलं. धाकट्याच्या नाकातून रक्त येत होतं. निरोप मिळताच वैमानिकाने विमान खाली घ्यायला सुरुवात केली होती, आणि दोन मिनिटांत हवेचा दाब जाऊन डोक्यावरचे ऑक्सिजनचे मास्क खाली पडले होते. मी गिऱ्हाइकाशी आणखी दोन मिनिटं बोलले असते तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगायला नको.

चौकशीत साहेबांनी हात झटकले. अदलाबदल नियमात बसत होती; चुकीची झडप काढणं बसत नव्हतं, आणि सही मामाची होती. त्याचा परवाना गेला. गिरणीमालक मात्र भारावला. "स्वतःच्या पोटावर पाय देऊन विमान परत बोलावणारी माणसं आहेत तुमच्याकडे!" म्हणत त्याने एकाऐवजी दोन हिस्से घेतले.

रविवारी मामाला भेटायला गेले.

"पाचवं आलं म्हणे. सुट्या झडपा किती घेतल्या?"

या वेळी मी विचारून गेले होते. "एकही नाही."

"आणि माझ्या जागी आलाय तो?"

"चांगला आहे. नवव्या दिवशी काय करायचं ते साहेबांनीच समजावलं त्याला. तुझी वही दिली."

"आणि तू?"

"मी विकतेय, मामा," मी म्हणाले. "काल आणखी एक गेला. तेरा राहिलेत."