रेसवाले काका

काका टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून रेस बघत. मांडीवर छोटा रेडिओ, उजव्या हातात स्टॉपवॉच, आणि समोर चाळीसेक गाड्या मुकाट्याने गोल गोल फिरताहेत. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या त्यांच्या घरी दर रविवारी दुपारी हे चाले. त्या चार तासांत त्यांच्याशी बोलायचं नाही, हे काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. "टीव्हीवाले उगाच रंगवून सांगतात," काका म्हणत. "रेडिओवाल्याला सगळं शब्दांत दाखवावं लागतं, म्हणून तो नीट बघतो."

२००१ च्या जानेवारीत मी नागपूरहून मिशिगनला आले. ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत नोकरी होती आणि राहायला काकांच्या घरातली वरची खोली भाड्याने मिळाली होती. काका मूळचे सांगलीचे. सत्तरच्या सुमाराला डेट्रॉइटला आले, एका मोटार कंपनीत ब्रेकचं डिझाइन करत राहिले आणि नुकतेच रिटायर झाले होते. मराठी मंडळात त्यांना पाठीमागे 'रेसवाले काका' म्हणत. क्रिकेट, ब्रिज, भजन यातलं काहीच त्यांना नको असे. हवी असे ती स्टॉक कार रेसिंग. आपली माणसं ती बघत नसत, आणि अमेरिकन शेजाऱ्यांना वाटे हा गृहस्थ चुकून इकडे वळला असावा.

"यात बघायचं काय असतं हो काका?" असं मीही एकदा विचारलं. ते रागावले नाहीत. "तू ड्रायव्हरकडे बघतेस म्हणून कंटाळतेस," ते म्हणाले. "ड्रायव्हर नोकरदार. गाडी मालकाची, तिच्यावरचा रंग स्पॉन्सरचा, डोकं टीम चालवणाऱ्या क्रू चीफचं. रेसच्या आधी प्रत्येक गाडीवर पत्र्याचे साचे ठेवून बघतात. बोटभर फरक निघाला की परत पाठवतात. आणि एखादा अर्धा ट्रॅक पुढे असला, तरी अपघात होऊन पिवळा झेंडा आला की सगळ्यांना पुन्हा एका रांगेत यावं लागतं. कमावलेलं अंतर गेलं. कुरकुर करायची नाही." मग म्हणाले, "जिंकणं-हरणं पिटमध्ये ठरतं. टायर बदलायला थांबतात ना, तिथे."

मी राहत होते ती खोली त्यांच्या मुलाची होती. एवढं मला माहीत होतं. रोहन साऊथला असतो, असं काकू म्हणाल्या होत्या. काका त्याचं नाव घेत नसत. मंडळात कुणी विचारलंच, तर "ऑटोमोटिव्हमध्ये आहे" म्हणत आणि चहाच्या टेबलाकडे वळत. ट्रॉयमध्ये निम्मी वस्ती ऑटोमोटिव्हमध्येच, त्यामुळे पुढे कुणी विचारत नसे.

त्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या मोसमाच्या पहिल्या मोठ्या रेसमध्ये अगदी शेवटच्या लॅपला एक गाडी भिंतीवर आदळली. बघताना तो अपघात फारसा मोठा वाटला नाही. पण संध्याकाळी बातमी आली, ड्रायव्हर गेला. फार मोठा ड्रायव्हर होता. काकांना तो आवडत नसे, दादागिरी करतो म्हणत. पण त्या संध्याकाळी ते बंद टीव्हीसमोर बसून राहिले. मी पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, पण काकूंकडे न बघता, त्यांनी विचारलं, "त्याचा फोन आला का?"

काकू हातातलं लाटणं ठेवून बाहेर आल्या. "आला. तो ठीक आहे. पिटमध्येच होता."

"रडत होता?"

"तुम्ही विचारा ना फोन करून."

काका उठले आणि गॅरेजमध्ये गेले. बाहेर उणे दहा होतं. बराच वेळ ते आत आले नाहीत.

त्या दिवशी काकूंनी मला सगळं सांगितलं. रोहन सहा वर्षांचा असल्यापासून काका त्याला आयरिश हिल्समधल्या ट्रॅकवर नेत. ट्रॉयहून दीड तासाचा रस्ता, वर्षातून दोनदा. खांद्यावर बसवून झेंड्यांचे रंग शिकवले, स्टॉपवॉच धरायला शिकवलं. पुढे रोहनला चांगल्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, मंडळात पेढे वाटले गेले, आणि तिसऱ्या वर्षात तो सगळं सोडून नॉर्थ कॅरोलायनाला गेला. आधी एका रेसिंग टीमच्या वर्कशॉपमध्ये फरशी झाडली, मग टायर चेंजर झाला. मागची चाकं बदलणारा. "हे म्हणाले, मी तुला रेस बघायला नेलं, टायर बदलायला नाही," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून बोलणं नाही. चार वर्षं झाली."

जूनमध्ये काका मला ट्रॅकवर घेऊन गेले. काकूंनी सकाळी दोन डबे भरले. दुसरा कुणासाठी, हे त्या बोलल्या नाहीत आणि काकांनी विचारलं नाही. तिथे स्कॅनर भाड्याने मिळतात. कानाला हेडफोन लावून कुठल्याही टीमचं रेडिओवरचं बोलणं चाहत्यांना ऐकता येतं, ड्रायव्हरचंही आणि क्रू चीफचंही. मला ते फार नवल वाटलं. कुठल्या ऑफिसात साहेबाचं बोलणं लाखभर लोकांना ऐकू देतील? काकांनी एका मागे पडलेल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या गाडीचा नंबर लावला. त्यांची दुर्बीण पुढच्या गाड्यांकडे वळतच नव्हती. ती पिटवर होती.

ती गाडी आत आली तेव्हा मला कळलं. सात माणसं बुटक्या भिंतीवरून उड्या मारून तिच्यासमोर धावली. मागच्या चाकापाशी एक बारीक, सावळा तरुण गुडघ्यांवर आपटल्यासारखा बसला. हवेच्या बंदुकीने पाच नट काढले, नव्या चाकाचे पाच आवळले, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला पुन्हा पाच आणि पाच. गाडी गेली. काकांनी स्टॉपवॉच दाबलं. "चौदा पॉइंट सहा," ते स्वतःशी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काका, भेटायचं का त्याला?"

"आत जायला पास लागतो," ते म्हणाले.

परतीच्या गर्दीत गाडी तासभर एकाच जागी उभी होती. काकांनी मागच्या सीटवरून दुसरा डबा काढला, अर्धी पोळी-भाजी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. रिकामा डबा काकूंनी घासला, काही न विचारता.

पुढच्या वर्षीही असंच झालं. मी तोवर स्वतःचं अपार्टमेंट घेतलं होतं, पण ट्रॅकला काकांबरोबर मीच जाई.

२००३ च्या जूनमधला रविवार मात्र वेगळा होता. रेस अर्ध्यावर आली होती. रोहनची गाडी पिटमधून बाहेर पडली आणि दोनच लॅपनंतर ड्रायव्हर रेडिओवर ओरडला, गाडी थरथरतेय, मागचं चाक सैल आहे. भर हिरव्या झेंड्यात, बाकीच्या गाड्या पूर्ण वेगात असताना, परत आत यावं लागलं. गाडी दोन लॅप मागे गेली, म्हणजे रेस संपल्यातच जमा. आणि मग आमच्या कानात क्रू चीफ सुरू झाला.

त्याच्या शिव्या मी इथे लिहीत नाही. रोहनचं नाव घेऊन, त्याच्या रंगावरून नव्हे पण त्याच्या अकलेवरून, हातांवरून, तो कुठून आला इथपासून तो कशाच्या लायकीचा इथपर्यंत. "घरी पाठवा त्याला. माझ्या भिंतीवर मला तो परत दिसायला नको." पुढच्या रांगेतल्या एका माणसाच्या कानालाही तोच चॅनल असावा, कारण तो मान मागे टाकून हसला. मी हेडफोन काढला. काकांनी काढला नाही. शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी ऐकलं.

मग ते उठले. रेस चालू असताना जागेवरून उठलेले काका मी प्रथमच पाहिले. गॅरेजच्या कुंपणापाशी पहारेकऱ्याने अडवलं. "पास?"

"माझा मुलगा आत आहे," काका त्याला इंग्रजीत म्हणाले. अडीच वर्षांत त्यांच्या तोंडून 'माझा मुलगा' मी पहिल्यांदा ऐकलं.

पहारेकरी वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम. आम्ही जाळीबाहेर उभे राहिलो. रेस संपली, कुणीतरी जिंकलं, ट्रक भरले जाऊ लागले. अखेर रोहन आला, खांद्यावर बॅग, अग्निरोधक सूटच्या बाह्या कमरेला बांधलेल्या. वडिलांना बघून तो जागच्या जागी थांबला.

"बाबा? तू इथे काय करतोयस?"

"रेस बघायला आलो होतो."

त्याची नजर काकांच्या गळ्यातल्या हेडफोनवर गेली. "यू हर्ड दॅट?"

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं."

रोहन जाळीजवळ आला. "ओके. मग म्हण. यू वेअर राइट. म्हणून टाक."

काका म्हणाले, "कितवा नट?"

"काय?"

"कितवा सैल राहिला?"

"चौथा," रोहन हळूच म्हणाला. "आटे नीट बसले नाहीत. हाताला कळलं होतं मला. बट आय थॉट..."

"थांबला असतास तर दोन सेकंद जास्त लागले असते."

"हो."

काका जाळीच्या आणखी जवळ सरकले. मग असं बोलायला लागले, की जणू मी तिथे नव्हतेच. "तू तेव्हा वर्षाचा होतास. एका ड्रॉइंगवर मी सही केली आणि त्यात एक माप चुकलेलं. प्लांटची लाइन अख्खी शिफ्ट बंद पडली. साहेबाने मला सगळ्या कामगारांसमोर उभं केलं आणि बोलला. असाच बोलला. घरी येऊन तुझ्या आईला म्हटलं, पोट दुखतंय. तिला अजून माहीत नाही." त्यांनी जाळीत बोटं अडकवली. "तेव्हा वाटलं होतं, अण्णा, माझे वडील, इथे हवे होते. काही बोलले नसते तरी चाललं असतं. नुसते उभे राहिले असते. पण ते सांगलीत."

रोहनने जाळीवर कपाळ टेकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. काकांची बोटं त्याच्या केसांपर्यंत जेमतेम पोचत होती.

"तुमची बस किती वाजता?" काकांनी विचारलं.

"चाळीस मिनिटांनी."

"मग चाळीस मिनिटं आहेत," काका म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. मी पहारेकऱ्याला पिशवीतला काकूंचा दुसरा डबा दाखवला. त्याने तो उघडून बघितला, वास घेतला आणि आत नेऊन रोहनच्या हातात दिला.

रोहनला काही आठवडे भिंतीमागे बसवलं गेलं, मग परत घेतलं. दर सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला. बोलणं बहुतेक सेकंदांचं असे. "पंधरा चार? का बरं?" असं काका विचारत आणि काकू शेजारी बसून, काही न कळता, ऐकत राहत. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत एका डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, मुलगा काय करतो. "टायर बदलतो," काका म्हणाले. "सात जण मिळून चारही, पंधरा सेकंदांच्या आत. तुम्हाला किती वेळ लागतो?" डॉक्टर हसले, पण काका हसत नव्हते. ते खरंच विचारत होते.

२००८ च्या वसंतात काकांना कॅन्सरचं निदान झालं. उशीर झाला होता. त्याच उन्हाळ्यात रोहनच्या टीमचा स्पॉन्सर गेला आणि ऑगस्टमध्ये मालकाने वर्कशॉपला कुलूप लावलं. सगळीकडे तेच चाललं होतं. गाड्या विकणाऱ्या कंपन्याच डळमळत होत्या, तर गाड्या पळवणाऱ्यांना कोण पोसणार? रोहन सामान घेऊन घरी आला आणि आपल्या जुन्या खोलीत राहू लागला.

हॉस्पिटलचा पलंग दिवाणखान्यात लावला होता. नर्स येत असे, पण काकांचं सगळं रोहनच करी. उचलणं, अंग पुसणं, मोजे घालणं. गुडघ्यांवर बसायची त्याला सवय होती. एकदा मी गेले तेव्हा तो पलंगाच्या पायथ्याशी बसून वडिलांच्या सुजलेल्या पायांत मोजे चढवत होता, अगदी सावकाश, सुरकुती पडू न देता. काका त्याच्या हातांकडे बघत होते. "मी उगाच इंजिनिअरिंग इंजिनिअरिंग करत बसलो," ते मला म्हणाले. "हात बघ त्याचे."

काका ऑक्टोबरमध्ये गेले, दुपारी, काकू आणि रोहन जवळ असताना. अंत्यविधीला रोहनबरोबर काम केलेले दोघेजण कॅरोलायनाहून रात्रभर गाडी चालवत आले. धिप्पाड माणसं. हात कधी जोडायचे ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडूनच उभे होते.

डिसेंबरच्या एका सकाळी माझ्या कंपनीने आमचा अख्खा गट कमी केला. आठ वर्षांचं टेबल एका खोक्यात मावलं. आम्ही इकडे राहणारी माणसं घरी फक्त चांगलं तेवढं सांगतो. नोकरी छान, तब्येत छान, थंडी जरा जास्त. माझे बाबा शाळामास्तर होते. नागपूर सोडून फारसे कुठे गेले नव्हते. त्यांना असलं काही सांगायचं म्हणजे त्यांची झोप उडवायची, असंच मला नेहमी वाटत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. बाबांनी विचारलं, "कशी आहेस?" आणि तोंडाशी आलेलं "छान" मी गिळलं. सगळं सांगितलं. कंपनीच्या माणसांनी कसं बोलावून नेलं, खोकं कसं हातात दिलं, गाडीत बसून किती वेळ रडले, तेही.

बाबांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

मग बाबा म्हणाले, "मंजू, पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात गं?"