अक्काला आंबट बंद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे. हे वाक्य मी माइकवर इतक्या वेळा बोललो आहे की आता ते तोंडात आपोआप येतं. शाळेत शाल-नारळ मिळालं तेव्हा बोललो, घराच्या वास्तुशांतीला बोललो. चौथी पास झाल्यावर अक्काची शाळा सुटली, कारण मी दोन वर्षांचा होतो आणि मला सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. पुढे मी जालन्यात बी.ए. केलं, तेव्हा तीन वर्षं तिच्या हातच्या भाकरीचा डबा जाफराबादहून सकाळच्या एसटीने यायचा. तोवर तिचा स्वतःचा संसार सुरू झाला होता, तरी डबा चुकला नाही.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे भावकीत कुणाकडेही कागद आला की तो वाचायला माझ्याकडे यायचा. मी तो मोठ्या मानाने वाचायचो आणि थोडक्यात अर्थ सांगायचो. मास्तर असल्याने थोडक्यात सांगण्याची मला सवयच होती.

यंदा फाल्गुनात माझा खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं. डॉक्टरांनी आधीच एक छापील कागद दिला, घरी काय तयारी ठेवायची त्याचा. पलंग उंच हवा. संडासात खुर्ची हवी. न्हाणीत धरायला दांडी. जमिनीवरच्या सतरंज्या काढून ठेवाव्यात, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर मांडाव्यात. मी एकेका ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करत गेलो. 'सहा आठवडे सोबतीला एक व्यक्ती' अशी शेवटची ओळ होती. माझी बायकोही शिक्षिका, तिला रजा नव्हती. मी कुणालाही न विचारता त्या ओळीपुढे 'अक्का' असं लिहिलं.

फोन केला आणि ऑपरेशनला आठ दिवस असतानाच अक्का आली. संडासातली खुर्ची बघून म्हणाली, "मास्तर, सिंहासन मांडलं की. आता खाली बसणाऱ्यांनी तुम्हाला मुजरा करावा का?" बायको हसली, मीही हसलो.

दुपारी बायकोने चिंचगुळाची आमटी केली होती. अक्काने वाटी बाजूला सारली.

"मला आंबट बंद हाय."

कुणी बंद केलं, असं बायकोने विचारलं. अक्काने माझ्याकडे हात केला.

"ह्यानं. माझी पिशवी काढली तवा कागद वाचून सांगितल्यालं. अकरा वर्सं झाली, चिंच जिभेला लावली न्हाई. लोणच्याचं बोट बी न्हाई. शिकल्याल्या माणसाचं ऐकावं, बाई."

हे ती अभिमानाने सांगत होती. मी मान खाली घालून जेवत राहिलो. आंबटाबद्दल त्या कागदावर अक्षरही नव्हतं, एवढं मला तेव्हाच आठवलं.

जेवण झाल्यावर पलंगाच्या पायांखाली विटा घालायच्या होत्या. मला वाकता येत नव्हतं. मी नको म्हणेपर्यंत अक्काने लोखंडी पलंगाची एक बाजू उचललीही. एक हात पलंगाला, दुसरा स्वतःच्या पोटावर दाबून धरलेला. बायकोने विचारलं तेव्हा तिने तिला आतल्या खोलीत नेऊन दाखवलं. बाहेर मला ऐकू येत होतं.

"वजन उचललं की गोळा बाहेर येतो. दाबला की आत जातो. पिशवी काढल्यावर बाराव्या दिवशी वेचणीला गेल्ते ना, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आन् आत कायतरी उसवल्यावानी झालं. मंग तवापासून हायेच. नशिबाचा भोग, दुसरं काय."

मी विटांपाशी काठी धरून उभा होतो. आता सगळंच आठवलं.

अक्काचं ऑपरेशन झालं तो दवाखाना, तिला घरी सोडायचा दिवस. गर्भपिशवी काढली होती. सिस्टरने कागद हातात धरून विचारलं, यांच्यात शिकलेलं कोण? दाजींनी माझ्याकडे पाहिलं, अक्कानेही. मी कागद घेतला. बाकावर अक्का, शेजारी दाजी, समोर मी. पहिली ओळ जड वजन न उचलण्याची होती. दुसरी, सहा आठवडे पती-पत्नीने संबंध ठेवू नयेत. तिसरी, खोकताना पोटावर उशी धरण्याची. माझी नजर त्या दुसऱ्या ओळीवर पडली आणि माझे कान तापले. थोरली बहीण, तिचा नवरा, आणि मी धाकटा भाऊ. ती ओळ गाळून बाकीचं वाचता आलं असतं. तेवढंही मला सुचलं नाही. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणालो, "काही विशेष नाही. आराम कर, गोळ्या वेळेवर घे, आंबट खाऊ नको." आंबटाचं का सांगितलं, तर आमच्याकडे कुठल्याही दुखण्यात तेच सांगतात. जाफराबादची गाडी लागली होती. सगळ्यांना बरंच वाटलं.

ती घरी गेल्यावर चौथ्या दिवशी मी केळी घेऊन तिला भेटायला गेलो होतो. ती चुलीपुढे होती. तिने मला गरम भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली.

पलंगाखाली विटा घातल्या त्याच संध्याकाळी मी अक्काला सांगितलं की सोबतीला एक बाई ठरवली आहे, तू उगाच अडकून पडू नकोस. तिने पदराचं टोक नीट केलं.

"माझ्या हातचं आता चालंना का, भाऊ?"

तसं नाही म्हणालो. कसं आहे ते मात्र सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला बसस्टँडवर सोडलं. घरी येऊन बायकोला त्या कागदाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिला घालवलंत ते तिच्या पोटासाठी, की तुमच्या तोंडासाठी?"

फोन करायला घेतला होता. पण फोनवर मी पुन्हा थोडक्यातच सांगितलं असतं. म्हणून दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दिवशी हे पत्र पोस्टात टाकलं.

*

अक्का,

मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. सावकाश वाच. दाजींनाही वाचून दाखव.

तुझ्या ऑपरेशननंतर सिस्टरने जो कागद दिला, त्यावर आंबटाचं काही नव्हतं. ते मी मनाने सांगितलं. कागदावर हे होतं: सहा आठवडे जड उचलू नये. हंडा नाही, गाठोडं नाही, नातवंडसुद्धा नाही. खोकताना पोटावर उशी धरावी. सहा आठवडे नवरा-बायकोने संबंध ठेवू नयेत. ही एक ओळ मला तुमच्यापुढे वाचायची लाज वाटली, म्हणून मी सगळाच कागद खिशात घातला.

तुझ्या पोटातला गोळा नशिबाने आला नाही. तुला कुणी सांगितलं नाही म्हणून आला, आणि सांगायचं मी होतो.

तुला परत पाठवलं ते तुझ्या हातचं चालत नाही म्हणून नव्हे. तू माझ्या घरात पलंग उचलत होतीस. बाई ठरवली म्हणालो तेही तेव्हा खोटं होतं. आता ठरवली आहे.

त्या गोळ्याला हर्निया म्हणतात आणि त्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांना विचारलं आहे. त्याचाही कागद मिळेल. तो माझ्याकडे देऊ नकोस, तूच हातात घे. तुला वाचता येतं हे त्या दिवशी आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. अडेल तो शब्द सिस्टरला विचार.

पलंग, खुर्ची, दांडी इथे तयार आहेत. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर माझं करायला येऊ नकोस.

चिंच खा.

तुझा भाऊ