टर्बाइनमधला शाफ्ट

खैरुद्दीन परकार मूळचा रत्नागिरीकडचा वेल्डर. अठ्ठ्याण्णव साली अबुधाबीच्या एका वर्कशॉपमध्ये त्याचं अकरावं वर्ष चालू होतं, आणि ज्या देशात वाहती नदी औषधालाही सापडायची नाही तिथे तो पाण्यावरचं टर्बाइन बनवत होता! ऑर्डर नेपाळातल्या ओढ्यांसाठी होती. आधी लहान मॉडेल फिरवून बघायचं, मग मोठं करायचं. टर्बाइन क्रॉस-फ्लो जातीचं. पाणी एकीकडच्या पात्यांना ढकलत चक्रात शिरतं आणि मधली पोकळी ओलांडून पलीकडच्या पात्यांना दुसरा धक्का देत बाहेर पडतं. पाती खैरुद्दीन पाइप उभा चिरून काढायचा आणि एकेक पातं पत्र्याच्या साच्याला लावून तपासायचा.

कॉम्प्युटरने कार्यक्षमता सांगितली चौऱ्याहत्तर टक्के. पाणी सोडल्यावर भरली एकसष्ट. धनंजय हा पुण्याहून आलेला तरुण इंजिनिअर, कॉम्प्युटरवरचं गणित त्याचंच. तो सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "खैरुद्दीन का वेल्डिंग टेढा है." मॅनेजरने लगेच दम भरला की शनिवारपर्यंत आकडा जुळला नाही तर व्हिसा कॅन्सल.

खैरुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरीची भीती होतीच, घरी खाणारी तोंडं होती. पण अकरा वर्षांत त्याच्या हातचा एक जोड परत आला नव्हता. तोंड काळं करून विमानात बसायला तो तयार नव्हता.

शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज आटोपून तो थेट वर्कशॉपात आला. चक्राची एका बाजूची लोखंडी तबकडी काढून त्याने पारदर्शक ॲक्रिलिकची बसवली, पंप सुरू केला आणि पाण्यात मूठभर चहाचा चोथा टाकला. चोथा पाण्याबरोबर झपकन आत शिरला, मधोमध आरपार गेलेल्या शाफ्टवर आपटला आणि चहूकडे उडाला. पलीकडच्या पात्यांवर नीट पोचला तो थोडाच. त्याने एक सणसणीत शिवी हासडली.

शनिवारी त्याने धनंजयला तिथेच आणून उभं केलं.

"साहेब, हा शाफ्ट तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे?"

"नाही," धनंजय चाचरला. "तो घेतला की एका रनला दोन दिवस लागतात. म्हणून मॉडेलमधून काढला."

"मग घाला. दोन दिवस मी थांबतो. आणि तोवर मला कॅन्सल करायचं कुणी नाव काढायचं नाही, मॅनेजरना सांगा."

सोमवारी कॉम्प्युटर बासष्टवर आला. धनंजय हसत हसत वर्कशॉपात शिरला. "खैरुद्दीनभाई, जुळलं! आता शाफ्टचे दोन तुकडे करू, मधली जागा मोकळी ठेवू. खलास, यल्ला, कामाला लागा."

खैरुद्दीन जागचा हलला नाही. हातातलं हेल्मेट त्याने टेबलावर ठेवलं.

"मराठीत माझ्या कानात नको, साहेब. त्या दिवशी सगळ्यांसमोर हिंदीत बोललात. आजही तसंच बोला."

ग्राइंडर थांबले. पठाण, मलबारी, बिहारी, सगळे वळून बघू लागले. धनंजयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"खैरुद्दीन का वेल्डिंग सीधा है," तो म्हणाला.

"और?"

"गलती मेरी थी."