मार त्याचा, आवाज आपला

आमच्या गावच्या उत्सवात वर्षानुवर्षं एकच नाटक व्हायचं आणि त्यातल्या बायकोचं काम माझे बाबा करायचे. तिसऱ्या अंकात नवरा तिच्या थोबाडीत मारतो, झिंज्या धरून उंबऱ्यापर्यंत फरफटत नेतो, आणि ती त्याच्याच पायांवर डोकं ठेवून माफी मागते. तिथे हटकून शिट्ट्या पडत. मला लहानपणीही त्या शिट्ट्यांची चीड यायची, कारण घरी तोच अंक चालायचा, फक्त मारणारे बाबा असायचे. बांगड्याच्या कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी आईचं डोकं चौकटीवर आपटलं होतं. तेव्हापासून तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

यंदा मंडळाने ते नाटक नव्याने लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी रत्नागिरीत एकटी राहते, शाळेत शिकवते, म्हणजे मला लिहिता येतं असा गावाचा समज. मी आधी तो तिसरा अंकच फिरवला. जुन्या नाटकात बाईने सोसायचं, तर माझ्या नाटकात तिने नवऱ्याचा उगारलेला हात वरच्या वर धरायचा आणि अशी सणसणीत ठेवून द्यायची की तो आडवाच व्हावा. लिहिताना माझेच हात शिवशिवत होते. त्या बायकोचं काम मीच करणार होते.

पहिल्या अंकात मात्र तिला एकदा मार खायचा होता, आणि मार खायचं नाटक बाबांइतकं गावात कोणाला जमणार? म्हणून रविवारी देवरूखची एसटी धरून घरी गेले.

बाबा खूश झाले. पडवीत उभे राहून शिकवायला लागले. "त्याचा हात गालाला लागत नाय. मार त्याचा, आवाज आपला. कमरेपाशी टाळी वाजवायची, मान फिरवायची नि अलगद पडायचं." सत्तरी उलटली तरी ते सुरेख पडत होते. मला किळस आली.

आई दारात विळीवर भाजी चिरत होती. "मारल्यावर असं कोणी पडत नाय गो," ती म्हणाली आणि उठली. दोन्ही हातांनी उजवा कान झाकून, भिंतीला पाठ लावून ती खाली बसली. "उरलेला कान आधी झाकायचा. नि आवाज करायचा नाय, शेजारी ऐकतात."

"गप बस तू!" बाबा ओरडले आणि माझ्यादेखत त्यांनी तिच्या तोंडावर खाडकन मारलं. तिच्या नाकातून रक्त आलं.

मी त्यांचं मनगट पिरगाळलं आणि जीव खाऊन थोबाडीत दिली. त्यांचा ओठ फुटला, ते कोपऱ्यात कोसळले. मला जराही वाईट वाटलं नाही. आणखी मारावंसं वाटत होतं.

आईने पदराने नाक पुसलं. "तुझ्या नाटकात यापुढे काय होतं?"

"पडदा पडतो."

"नि मग ती बाई त्या रात्री निजते कुठे?"

हे मी लिहिलंच नव्हतं. बाबा कोपऱ्यातून आईकडे बघत होते. मी परतीच्या एसटीत कधी बसते, याचीच ते वाट बघत होते.

"माझ्याकडे," मी म्हटलं.

आई आत गेली, चुलीवरचा भात उतरवून आली. पायात चपला घातल्या आणि चांगला कान माझ्याकडे येईल अशा बेताने माझ्या शेजारून चालू लागली.