हळदणकर सरांचे फिशपाँड

हळदणकर सरांना हशा लागायचा. कुणाला चहा लागतो, कुणाला तंबाखू लागते, तसा. घाटकोपरच्या टेकडीखालच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. अख्ख्या शाळेत पोरांना ‘तू मोठा होशील’ म्हणणारे ते एकटेच. बाकीचे शिक्षक ‘तुमची वाट लागणार’ म्हणायचे. गणितात सदतीस मिळवणाऱ्याला सरांनी कधीच इंजिनिअर करून टाकलं होतं आणि वर्गात तोंड न उघडणाऱ्याला वकील. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. मीही टाकायचे, म्हणून आता लिहिताना भीडभाड ठेवत नाही.

दहावीच्या निरोप समारंभात फिशपाँड वाचायचा मान सरांचा. चमकीचा कागद लावलेला एक खोका, वर फट, आणि आत पोरापोरींनी निनावी टाकलेल्या चिठ्ठ्या. कुणाच्या नाकावर दोन ओळी, कुणाच्या चालीवर, कुणाच्या जोडीवर. सर चष्मा कपाळावर चढवत, ज्याचं नाव निघेल त्याला उभं करत आणि अशा काही आवाजात वाचत की हसून हसून बाकं हलायची. कुणी रडलं तर म्हणत, “अरे, बाहेरचं जग याहून जोरात हाणणार आहे. इथंच सवय करून घे!” मुख्याध्यापिका कमलबाई दरवर्षी विनवायच्या, की चिठ्ठ्या आधी नजरेखालून घाला. सर म्हणायचे, “बाई, आधी वाचली की ती चिठ्ठी राहत नाही, परिपत्रक होतं.”

चौऱ्याऐंशी साली आमची तुकडी बाहेर पडत होती. सुलक्षणा आमच्याच चाळीतली, दोन दारं सोडून. तिचे वडील राजारामकाका विक्रोळीला कारखान्यात फिटर. त्यांचा हिशेब सरळ होता: दहावी झाली की पोरीनं कणकवलीला चुलत्याकडे जायचं आणि स्थळ आलं की उजवायचं. सुलक्षणाला कॉलेजात जायचं होतं, सायन्सला. सरांनी तिला शब्द दिला, “तुझ्या वडलांना मी समारंभाला आणतो. चारशे माणसांत पोरीसाठी टाळ्या ऐकल्या की भलाभला बाप विरघळतो.” ते स्वतः चाळीत येऊन काकांना बोलावून गेले. काकांनी त्या दिवशी पाळी बदलून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहिल्या रांगेत येऊन बसले.

आता माझं सांगते. मी अनुपमा. मला सुलक्षणा डोळ्यासमोर नको असायची. कारण सांगायलाही लाज वाटावी असं, गणितात तिला माझ्यापेक्षा नेहमी चार-पाच मार्क जास्त. माझी आई रोज तिचं नाव घेऊन मला वाढायची. सरांनीच सांगितलं म्हणून सुलक्षणा शाळा सुटल्यावर लायब्ररीत आमच्या वर्गातल्या नंदूला गणित शिकवायची. नंदू ढ होता आणि ती चिकाटीची होती, यापलीकडे दोघांत काही नव्हतं. मला ते ठाऊक होतं. तरी मी चिठ्ठी टाकली.

आधी कमलबाईंनी सुलक्षणाचं कौतुक केलं, चाचणीत पहिली म्हणून नारळ दिला. टाळ्या झाल्या. काका खाली मान घालून हसत होते, आणि मी पहिल्यांदाच त्यांचे दात पाहिले. सरांनी स्टेजवरून सुलक्षणाकडे बघून मान डोलावली, म्हणजे काम झालं. मग खोका आला.

सातवी की आठवी चिठ्ठी माझी. सरांनी ती आधी मनात वाचली. पहिल्या रांगेकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. हॉल गप्प झाला होता, पोरं पुढे वाकली होती, आणि ती चिठ्ठी खिशात टाकून दुसरी काढायला एक क्षण पुरला असता. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“सुलक्षणा, ऊठ बघू!”

ती हसतच उठली.

“नंदू मांडी गणित, सुलू धरी हात,
उत्तर काही येत नाही, वेळ झकास जात!”

असा हशा त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. शिट्ट्या झाल्या. काका उठले, ओरडले नाहीत. पोरीजवळ गेले आणि म्हणाले, “चल गो घराक.” ती नारळ घेऊन त्यांच्या मागून निघाली. दारापर्यंत शिट्ट्या चालूच होत्या. शेवटी सरांचं नेहमीचं भाषण झालं, की मुलांनो, घाबरू नका, जग तुमच्यासाठी दारं उघडून उभं आहे. फार सुंदर बोलले. मग परीक्षेची हॉल तिकिटं वाटली, त्यातलं एक उरलं.

दुसऱ्या दिवशी सर ते घेऊन चाळीत आले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू आलं. काकांनी त्यांना खुर्ची दिली, सुलक्षणाच्या आईनं, द्रौपदीकाकूंनी चहा दिला.

“अहो, ती नुसती गंमत होती,” सर म्हणाले. “नंदूला शिकवायला मीच सांगितलं होतं तिला.”

“म्हणजे ह्या खोटा, ता तुमका ठावक होता?”

“हो. अगदी.”

“मगे वाचलात कित्याक?”

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “पोरं हसली असती म्हणून.”

“हसली,” काका म्हणाले. “आता कारखान्यात पण हसतत. आमच्या वाडीतले चार जण आसत थय. त्येंची पोरा तुमच्याच शाळेत.”

सरांनी हॉल तिकीट पुढे केलं. काकांनी ते हातात घेतलंच नाही. रविवारी द्रौपदीकाकू पोरीला घेऊन कुर्ल्याच्या डेपोतून एस.टी.नं गावाला गेल्या. जाताना सुलक्षणा माझ्याकडे आली आणि तिची गणिताची वही मला देऊन गेली. तुला उपयोगी पडेल, म्हणाली.

पडली. बीजगणिताच्या पेपरला माझ्या पुढचा बाक रिकामा होता. पर्यवेक्षकांनी त्यावर गैरहजर अशी खूण केली आणि पुढे गेले. जूनमध्ये मी शाळेत पहिली आले. सुलक्षणाचं लग्न ठरल्याचं त्याच आठवड्यात कळलं, मुलगा कुडाळचा, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा.

निकालाच्या दिवशी मी सरांना शिक्षकांच्या खोलीत गाठलं. ते एकटेच होते. पेढ्यांचा पुडा तसाच हातात धरून मी म्हणाले, “सर, ती चिठ्ठी मी लिहिली होती.”

सर रागावतील, हाकलून देतील, निदान रडतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी पुड्यातला एक पेढा घेतला.

“माहीत आहे. वर्षभर तुझे निबंध तपासलेत मी, तुझं अक्षर ओळखणार नाही? हात आधी खिशाकडेच गेला होता गं माझा. पण म्हटलं, अनुपमाची आहे, हशा नक्की येणार.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “लिहीत राहा. पुढे खूप नाव काढशील.”

आणि खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं.