पायसच्या कालव्यातले एकोणसाठ मासे

क्वेकर्स हिल या ऑस्ट्रेलियन उपनगराच्या मागून जो सिमेंटचा कालवा जातो, तो पायस तुस्कानोच्या मते त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता. कागदोपत्री तो काउन्सिलचा, आणि पायस तिथला साधा इंजिनिअर, हे खरं. पण वसईहून येऊन बावीस वर्षं ज्याने एकाच पाण्याचा गाळ काढून घेतला, त्याला असं वाटलं तर वाटू द्यावं. कुठल्या पावसाला पाणी किती चढतं, बदकं कुठल्या कोपऱ्यात अंडी घालतात, कुठल्या पाइपातून कोणाच्या वॉशिंग मशीनचा फेस चोरून येतो, सगळं त्याला तोंडपाठ. जगातल्या बाकीच्या गोष्टींनीही असंच उताराने वाहावं आणि आपल्याला आधी कळवून यावं, अशी त्याची अपेक्षा असे. न कळणारी गोष्ट समोर आली की हा गृहस्थ चिडचिडा व्हायचा.

त्यामुळे सोमजित शेजारी राहायला आली तेव्हा त्याच्या डोक्याला कायमचा खुराक मिळाला.

सोमजित बँकॉकची, चौसष्ट वर्षांची, थाई हॉटेलांच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबून आता घरी बसलेली. तिचा जन्म कालव्याकाठच्या लाकडी घरातला. दारात भाजी नावेतून यायची, नूडल्स नावेतून यायच्या, सकाळी भिक्षेला निघालेले भिक्षूही नाव वल्हवत यायचे. कॉलनीमागे पाणी आहे म्हणूनच तिने हे घर घेतलं होतं. शनिवारी सकाळी ती पायसबरोबर कालव्याच्या काठाने फिरायला लागली. दोघांचं इंग्रजी दोन वेगळ्या मुलखांतलं, पण पाण्याबद्दल बोलायला तेवढं पुरायचं.

बाकी गोष्टींना मात्र पुरत नव्हतं. सोमजितच्या अंगणात कोपऱ्यात एका खांबावर बाहुलीच्या घराएवढं देऊळ होतं, आणि त्यापुढे रोज लाल सरबताची बाटली ठेवलेली असे, तीही स्ट्रॉ घालून.

"हे कोण पितं?" पायसने विचारलं.

"जागेचा मालक."

"मालक तर तू आहेस."

ती नुसती हसली. पायसच्या गावी वाटेवरच्या क्रुसापुढे मेणबत्त्या लावत, त्यात त्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण स्ट्रॉ कशाला, हे त्याला काही केल्या उलगडेना. शिवाय तिच्या 'येस'चा अर्थही लागत नसे. रविवारी जेवायला ये म्हटलं की ती दोनदा 'येस' म्हणे, यायची मात्र नाही, आणि सोमवारी पपई घेऊन दारात उभी राही. काठावरचं जे तण पायस दरवर्षी औषध मारून जाळायला लावायचा, तेच ती खुडून न्यायची आणि लसूण घालून परतून पाठवायची. हा ते चवीने खायचा आणि मग आपण कुठे कुठे औषध मारलं होतं ते आठवत बसायचा.

"तुला तिचं मॅन्युअल हवंय," लिलियन म्हणायची.

लिलियन म्हणजे त्याची बायको, बत्तीस वर्षांचा संसार. मुलगा मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये, त्यामुळे घरात ही दोघंच. लिलियन रोज सकाळी मिसाला जाणारी, नवसबिवस नाकारणारी, ओळखीच्या बाईने गाडीला लिंबूमिरची बांधली तर तिला चार शब्द ऐकवणारी बाई. गेल्या महिन्यात तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत आल्याचं कळलं. ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलं आणि पायसच्या पायाखालची जमीन सरकली.

रविवारी त्याने कुंपणावरून सोमजितला सांगितलं. बोलताना त्याचा आवाज फाटला. आणि सोमजित हसली. छान, रुंद हसली, आणि म्हणाली, "लिलियन किती वर्षांची?"

"अठ्ठावन्न."

"आणि वार कुठला? जन्माचा?"

पायसला इतका संताप आला की उत्तर न देता तो घरात निघून आला. माणूस मरणाच्या दारात, आणि ही हसून वय विचारते. या बाईशी पुन्हा बोलणं नाही, असं त्याने लिलियनला सांगितलं. लिलियनने त्याच्याकडे दुर्लक्ष करून हॉस्पिटलची बॅग भरली.

बुधवारी ऑफिसात त्याची बॉस वेंडी फोन नाचवत आली. कुत्र्याला फिरवणाऱ्या कोणीतरी फोटो पाठवला होता. कालव्याचं पाणी बांधामुळे जिथे तळ्यासारखं थांबतं, तिथे गोल्डफिश. पाच-दहा नव्हे, केशरी थवाच.

"मेट, हे तुझंच तळं ना?" वेंडी म्हणाली. "उद्या दुपारी पाऊस आहे. बांधावरून पाणी गेलं की हे खालच्या ओढ्यात, क्रीकमध्ये पोचले म्हणून समज."

पायसला समजवायची गरज नव्हती. 'येथे मासे सोडू नयेत' हा बोर्ड त्यानेच लावून घेतला होता. बशीत मावणारे हे मासे मोकळ्या पाण्यात हातभर वाढतात, तळ ढवळून पाणी गढूळ करतात, इथल्या लहान माशांची अंडी खातात. पावसाच्या आधी काढून नियमाप्रमाणे मारले तर ठीक, नाहीतर जन्मभर शोधत बसा. "उद्या माझी रजा आहे, पण सकाळी मीच काढतो," तो म्हणाला. "कोणी सोडले तेही बघ," वेंडी म्हणाली.

ते बघायला लांब जावं लागलं नाही. घरी आला तर सोमजितच्या दोरीवर प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या वाळत होत्या. एखाददुसरी नव्हे, रांगच्या रांग. पेट शॉपवाले मासे घालून देतात तशा.

राग विसरून तो कुंपणापाशी गेला. "सोमजित, मासे तू सोडलेस?"

"येस," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच या 'येस'चा अर्थ नेमका 'हो' असा निघाला. "काल. एकोणसाठ. एक दुकान एवढे देत नाही, तीन दुकानं फिरले. बसने."

"पण का?"

"लिलियनसाठी. आमच्याकडे माणूस आजारी असलं की जीव सोडतात. वय असेल तेवढे, आणि वर एक. तो एक पुढच्या वर्षासाठी." मग तिने तळ्याच्या दिशेने हात केला. "दुसरीकडे कोणी पकडेल. हे पाणी तू सांभाळतोस ना. इथे ते सेफ."

 ओरडावं की तिचे पाय धरावेत, हेच पायसला समजत नव्हतं.

लिलियनला त्याच संध्याकाळी ॲडमिट व्हायचं होतं. वॉर्डात तिचं सामान लावून झाल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. ती हसून 'वेडी आहे बिचारी' म्हणेल आणि प्रश्न मिटेल, अशी त्याची खात्री होती.

लिलियन हसली नाही. तिने पांघरुणाची कड चिमटीत धरली.

"तू काढणार ते?"

"काढावेच लागतील. सकाळी."

"सकाळी नको," ती म्हणाली. "माझं होऊ दे. मग काढ."

"लिलियन, तू? तुझा विश्वास आहे यावर?"

"विश्वास नाहीये. पण एकोणसाठ जीव माझ्या नावावर सोडलेत आणि माझी छाती उघडताना तू तिकडे ते मारतोयस, हे मला नाही सहन होत. भीती वाटते रे मला. तू कर तुला काय करायचं ते."

बत्तीस वर्षांत तिने 'भीती वाटते' असं कधी म्हटलं नव्हतं. पायसला तिथल्या तिथे रडू आलं.

गुरुवारी आठला तिला आत नेलं. बारापर्यंत काही कळणार नाही, घरी जाऊन या, असं नर्सने सांगितलं. पायस घरी गेला नाही. गाडीत जाळं आणि टब होतेच. नऊला तो तळ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. मासे बिचारे दुकानात वाढलेले. माणूस दिसला की खायला मिळतं एवढंच त्यांना माहीत. सगळे त्याच्या पायांशी गोळा झाले. जाळ्याच्या एका फेरीत निम्मे आले असते. बावीस वर्षांत इतकं सोपं काम त्याला कोणी दिलं नव्हतं.

काठावर सोमजित येऊन उभी राहिली होती. जाळं बघून ती रागावेल म्हणून पायसच घाईने म्हणाला, "मला काढावे लागतात. नियम आहे. हे पाणी खराब करतात."

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. थोडा विचार करून तिने हात जोडले. "मग काढ. तुझं काम आहे. पुण्य मंगळवारीच झालं. ते परत जात नाही."

झालं, मोकळीक मिळाली. जिने सोडले तीच काढ म्हणतेय, बॉस काढ म्हणतेय, त्याचं स्वतःचं शास्त्र काढ म्हणतंय. या सगळ्यावर विश्वास नसलेला, अक्कलहुशारीने वागणारा इंजिनिअर पायस तुस्कानो, त्याने जाळं पाण्यात घातलं. दोन केशरी मासे आपण होऊन आत आले. आणि याच क्षणी तिकडे लिलियनचं हृदय थांबवून मशीनवर घेतलं असेल, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने जाळं तिरकं केलं. मासे बाहेर गेले.

पुन्हा घातलं. पुन्हा तिरकं केलं. असं किती वेळा झालं हे त्याला सांगता येणार नाही. आपण काय करतोय हे त्याला समजत नव्हतं, आणि आपल्याला ते समजत नाहीये याची लाज वाटत होती. कोणाची प्रार्थना करायची हेही सुचेना. मारियेची करायला लागला तर मध्येच मासे मोजू लागला, आणि मासे तर एका जागी राहत नव्हते.

अकराला आभाळ भरून आलं. साडेअकराला टपोरे थेंब आले. सोमजितने त्याच्यावर छत्री धरली आणि ती दोघं काठावर उभी राहून पाणी चढताना बघत राहिली. पायसला अंदाज होता तेवढ्याच वेळात ते बांधावरून गेलं, आणि त्याबरोबर केशरी ठिपके एकेक करून खाली गेले. शेवटचा गेल्यावर काही मिनिटांनी फोन वाजला. झडप बसली होती. लिलियन ठीक होती.

हॉस्पिटलच्या वाटेवर त्याने गाडी बाजूला घेऊन वेंडीला फोन केला. मासे गेले, असं सांगितलं. कोणी सोडले होते ते कळलं का, तिने विचारलं. "माझं नाव लिही," पायस म्हणाला.  मग वेंडी म्हणाली की सोमवारी ऑफिसात बसून बोलू, आणि हे तिने नेहमीचं 'नो वरीज' न जोडता म्हटलं.

लिलियन दुसऱ्या दिवशी बोलण्याइतकी शुद्धीवर आली. तोंडातली नळी काढल्यावर तिने पाणी मागितलं, ते चमच्याने घेतलं, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "मासे?"

"गेले. पाऊस आला."

तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. पाऊस कधी येणार हे पायसला पावसाच्याही आधी कळतं, हे तिला ठाऊक होतं. "वेंडीला काय सांगितलंस?"

"माझं नाव दिलं."

"म्हणजे खोटं बोललास."

"मला खरंच कळत नाही गं, खोटं होतं की काय होतं ते." त्याने तिचा हात धरला. हात उबदार होता. "सोमवारपासून खाली क्रीकमध्ये सापळे लावणार आहे. दोन-तीन वर्षं जातील, पण सगळे काढीन."

"सापडला एखादा, तर?"

पायसने तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"आधी तुला फोन करीन," तो म्हणाला. "तू उचललास, की मग काढीन."